ओठांनीच सांगायचा शब्द

रॉडेनशॉ,
३ फेब्रुवारी १९६३

आयव्ही पोरी,

हे पत्र बसून वाच. उभ्यानं वाचत असशील तर आधी खुर्ची ओढ.

काल दुपारी वॉल्टर माझ्या दारात उभा होता. तुझा नवरा म्हणायला जीभ वळत नाही, पण कायद्यानं तो अजून आहेच. टोपी हातात, बुटांवरचा बर्फ पायरीवर नीट झटकलेला आणि काखेत लायब्ररीचं पुस्तक. घोड्यांच्या शर्यतीच्या पानापलीकडे जन्मात काही न वाचलेला माणूस! मला वाटलं, म्हातारपणी देवाधर्माला लागला. मग पुस्तकाचं नाव दिसलं. ‘लॉर्ड ॲशमूरची वाग्दत्ता’, लेखिका व्हेरोनिका लायल. म्हणजे तू.

गिरणी बंद पडल्यापासून तो ऊब मिळते म्हणून लायब्ररीत जाऊन बसतो. ह्या वर्षीच्या थंडीत निम्मं गाव तिथंच पडलेलं असतं. कुणा बाईनं बाकावर विसरलेलं पुस्तक ह्यानं उचललं, आणि नेमकं नाचाच्या दिवाणखान्याचं पान उघडलं. नायक त्या टोकाला, नायिका ह्या टोकाला, मध्ये वाद्यांचा कल्लोळ. तो आवाज न काढता नुसते ओठ हलवतो आणि तिला सगळं कळतं.

ते पान माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, “नेली, लंडनच्या लॉर्डाला हे कुठून येणार? मागांच्या खडखडाटात ओठांनीच बोलायची सवय लागलेल्या बाईनं हे लिहिलंय. आपल्या आयव्हीनं.”

मी म्हटलं, “गिरण्या काय आपल्याच गावात आहेत होय? इंग्लंडभर बाया मागावर उभ्या होत्या.” तर हसला. चहा मागितला. मी दिला, नाही कशी म्हणणार? कप विसळून ठेवला आणि म्हणाला, पुढच्या रविवारी येतो.

तू कुठं राहतेस ते मला ठाऊक नाही, हे फार बरं झालं. लंडनच्या प्रकाशकाच्या पत्त्यावर टाकलेली माझी पत्रं तुझ्यापर्यंत येतात एवढंच मला कळतं. पूर्वी मला ह्याचा राग यायचा. काल नाही आला.

बाकी गावात नळ गोठलेत, कोळसा मिळत नाही. शेजारच्या मिसेस पिकपचं ———— काढलं. काय ते तुला कळलं. तिची सून भर रस्त्यात तो शब्द मोठ्यानं म्हणाली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण बाया असलं काही ओठांनीच सांगायचो, माग बंद असले तरी. आणि कागदावर तर नाहीच नाही.

दाराला कडी घाल.

तुझी मावसबहीण,
नेली


१२ फेब्रुवारी

नेली,

ठिकाण लिहीत नाही, रागावू नकोस.

तुझं पत्र आलं तेव्हा मी एका तरुण डॉक्टरला एका नर्सच्या प्रेमात पाडत होते. तो अजून वॉर्डच्या दारातच उभा आहे. त्याला आत आणायचा धीर मला होत नाही. टाइपरायटरचा आवाज सुरू झाला की पायरीवरचं पाऊल ऐकू येणार नाही, म्हणून मशीन बंद. रेडिओ बंद. पाव भाजायला ठेवला तो जळाला, तरी उठले नाही.

तो प्रसंग मी का लिहिला, हे तुला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

वॉल्टर आपल्या खात्याचा जॉबर होता. माग बिघडला की तो दुरुस्त करायला यायचा, आणि बायका म्हणायच्या, आयव्हीचा नवरा किती गोड, लांबूनसुद्धा तिच्याशी बोलतो. तो मागांच्या रांगेच्या टोकाला उभा राहायचा. सगळ्यांकडे पाठ, माझ्याकडे तोंड. चेहरा हसरा. आणि ओठांनी सांगायचा, आज घरी गेल्यावर काय काय करणार ते. एकेक शब्द सावकाश, मला नीट कळावा म्हणून. आणि दिवसभर माझा धोटा पळत राहायचा आणि सुटीचा भोंगा वाजू नये म्हणून मी देवाला विनवत राहायचे.

पळून आले, आणि एका बोर्डिंग हाउसच्या माडीवर बसून बायकांच्या साप्ताहिकाला पहिली गोष्ट लिहिली. नायक कसा असतो ते मला माहीतच नव्हतं. मला फक्त वॉल्टर माहीत होता. म्हणून मी त्याला उलटा केला. तो दार बाहेरून लावायचा, माझा नायक दार उघडून धरतो. तो माझ्या ताटातलं उचलायचा, माझा नायक वाढतो. आणि तो ओठांनी जे सांगायचा, तेही उलटं केलं. साऱ्या इंग्लंडातल्या बाया त्या पानावर रडल्या. शेकडो पत्रं आली. मिस क्रिचली, माझ्या संपादिका, म्हणाल्या की हा प्रसंग दर दोन-तीन पुस्तकांत हवाच. मी देत गेले. व्हेरोनिका लायल नावानं लॉर्ड, जेन फॅरो नावानं डॉक्टर. दोन महिन्यांत एक कादंबरी, शेवटच्या पानावर एक चुंबन.

म्हणजे नेली, मी आहे असं त्याला नुसतं कळलेलं नाही. त्या पानात त्याला स्वतःची ओळख पटलेली आहे.

आणि ह्याच वेळी मिस क्रिचलींना माझा फोटो हवाय! लवकरच शंभरावं पुस्तक येतंय, लंडनला जेवण ठेवलंय, वर्तमानपत्रवाले येणार. इतकी वर्षं मी प्रकृतीचं कारण देत आले. आता त्या म्हणतात, वाचकांना तुमचा चेहरा बघायचाय.

तो नक्की काय म्हणाला, शब्दन्‌शब्द कळव. आणि हात कसे ठेवले होते तेही.

आयव्ही


रॉडेनशॉ,
२४ फेब्रुवारी

आयव्ही,

हात गुडघ्यावर होते. एकदा साखरेच्या भांड्याचं झाकण नीट बसवलं. झालं समाधान?

ते मागावरचं वाचून मी भांडी तशीच टाकून बसले. मी तुझ्या शेजारच्या रांगेत होते गं. आणि मीच चिडवायचे तुला, “बघ, तुझा राजकुमार ओठ हलवतोय!” जाऊ दे. तू उगाच माझं सांत्वन करशील, म्हणून पुढे लिहीत नाही.

तो दर रविवारी येतो. दर वेळी नवं पुस्तक. लायब्ररीत तुझी असतील तेवढी ओळीनं वाचतोय, लॉर्डसुद्धा आणि डॉक्टरसुद्धा. जेन फॅरो तूच, हे त्यानं स्वतःहून ओळखलं. ओरडत नाही, हेच मला खातंय. मागच्या रविवारी म्हणाला, “हिच्या प्रत्येक पुस्तकात समुद्र येतो. आधी नुसता यायचा. आता बोटींचे रंगसुद्धा येतात.” मी विचारलं, “काय हवंय तुला, वॉल्टर?” म्हणाला, “बोलायचंय फक्त.” मी म्हटलं, “भिंतीशी बोल. ती पळून जात नाही.” त्यावरही हसला. जाताना माझ्या कोळशाची बादली भरून आत आणून ठेवली. मला आताशा ती उचलवत नाही, म्हणून आणू दिली. कमरेत भरलंय जरा. डॉक्टर बघून गेला. म्हणाला विश्रांती घ्या. माझ्या वयाला सगळ्यांनाच हे सांगतात.

पुस्तकातल्या बोटींचे रंग बदल बाई. आणि फोटोबिटो काही काढू नकोस. त्या क्रिचली बाईला सांग, लेखिकेचं तोंड बघण्यासारखं नाही. खोटं होणार नाही ते!

नेली


९ मार्च

नेली,

हसवलंस. किती दिवसांनी हसले, आणि स्वतःच्याच आवाजानं दचकले.

बोटींचे रंग बदलले. मग बोटीच काढून टाकल्या. मग वाटलं, समुद्र गेला हेही त्याला खटकेल, म्हणून प्रकरणच शेगडीत घातलं. आता माझी नर्स डोंगरात आहे. मी जन्मात डोंगर पाहिलेला नाही.

परवा धक्क्यावर एक माणूस उभा होता. खांदे तसेच, टोपी तशीच. मी किराणा दुकानात शिरले ते बाहेर पडेनाच. दुकानाच्या बाईनं विचारलं, “मिसेस हार्ट, बरं नाही का?” इथं मी मिसेस हार्ट, युद्धात नवरा गेलेली. मी म्हटलं, चक्कर आली. तो माणूस बोटींना लावायचा रंग विकणारा निघाला. दुकानात येऊन त्यानं सगळ्यांना पत्रकं वाटली, मलाही दिलं. ते माझ्या हातून खाली पडलं आणि त्यानंच उचलून दिलं.

मी आता खिडकीपाशी बसत नाही. जेवण एकदाच करते, चूल पेटली की धूर दिसतो म्हणून. वेडेपणा आहे, कळतं मला. मिस क्रिचलींना कळवलंय, मुदत वाढवा. शंभर पुस्तकांत पहिल्यांदा.

थोडे दिवस पत्र लिहू नकोस. तो टपालपेटीवरही नजर ठेवत असेल. पाकिटावर प्रकाशकाचं नाव असतं, आणि प्रकाशकाच्या दारात उभं राहायला लंडनचं तिकीट पुरतं. मीच लिहीन. कंबर शेकत जा, अंगावर काढू नकोस.

आयव्ही


रॉडेनशॉ,
२ एप्रिल १९६३

प्रिय आयव्ही,

लिहू नकोस म्हणाली होतीस, पण लिहिणं भाग आहे. माझ्या हातात आता पेन धरायची शक्ती नाही, म्हणून हे पत्र टाइप करून घेतलं आहे.

मला गर्भाशयाचा कॅन्सर झाला आहे. तो पसरला आहे. डॉक्टरांना आता काही करता येण्यासारखं नाही.

तू ये. जमेल तितक्या लवकर ये. कोणत्या गाडीनं येतेस ते आधी कळव, म्हणजे स्टेशनवर तुला घ्यायला कुणीतरी येईल. निदान तुझा पत्ता तरी कळव, म्हणजे वेळ आली तर तार करता येईल.

तुझी,
नेली


९ एप्रिल

वॉल्टर,

पत्र चांगलं जमवलंस. टाइप केलंस, म्हणजे अक्षराचा प्रश्न मिटला. कंबर दुखते हे तुला बादली उचलताना कळलंच होतं. त्यावर रचलंस.

पण तू आयुष्यभर मागांच्या रांगांतून हिंडलास आणि बाया एकमेकींशी काय बोलतात ते तुला कधी कळलं नाही. तू फक्त स्वतःचे ओठ हलवायचास. नेली ते शब्द लिहिणार नाही. दोन्हीपैकी एकही लिहिणार नाही. तिची आई त्याच दुखण्यानं गेली, आणि ते नेलीनं मला सांगितलं ते गिरणीच्या अंगणात, जिथं माग नव्हते, आवाज नव्हता, तरी नुसत्या ओठांनी. दुखण्याच्या जागी तिच्या पत्रात रेघ असते. ती रेघ तुला ठाऊकच नाही, म्हणून पकडला गेलास.

आणि “कोणत्या गाडीनं येतेस ते कळव”! स्टेशनवर कोण घ्यायला येणार होतं, ते मला चांगलं कळतं.

नेली कुठं आहे? हे पत्र तुझ्या हातात पडतंय म्हणजे तिच्या नावाची पत्रं तू फोडतो आहेस. तिच्या केसाला धक्का लावला असशील तर तुझं नाव, गाव आणि तू काय काय केलंस ते सगळं एका पुस्तकात लिहीन, माझ्या खऱ्या नावानं. तिथल्या पोलिसांना मी आजच कळवते आहे. आणि हे पत्र मी राहते त्या गावात टाकलेलं नाही, तेव्हा शिक्का बघू नकोस. मी हे घर सोडते आहे.

ह्यापुढे तुला मी कुठल्याच पानावर सापडणार नाही.

आयव्ही


रॉडेनशॉ,
१७ एप्रिल १९६३

प्रिय मिसेस ऑर्मरॉड,

माझं नाव बेरिल नटॉल. मी ह्या भागाची परिचारिका. घरोघर जाऊन आजाऱ्यांचं बघते. नेली सेगर माझ्याकडे आहेत, म्हणजे मी त्यांच्याकडे रोज दोनदा जाते. दोन एप्रिलचं पत्र मी टाइप केलं, दवाखान्याच्या मशीनवर.

तुमचं उत्तर आलं तेव्हा नेली म्हणाल्या, “वाच मोठ्यानं.” मी पाकीट फोडलं आणि पहिलाच शब्द वाचला, “वॉल्टर”. थांबले. त्या म्हणाल्या, “पुढं वाच, भिऊ नकोस.” सगळं वाचलं. तुमच्या पत्रावरून पोलीसही येऊन गेला. नेलीनं त्याला बिस्किटं दिली.

ते दोन शब्द मी माझ्या मनानं घातले नाहीत, हे तुम्हाला कळायला हवं. आम्हाला शिकवलेलंच असतं की रोगाचं नाव सरळ घ्यावं, पण मी तरी रेघच टाइप करणार होते. नेलीनं पहिल्यांदा तसंच सांगितलं होतं. मग कागद माझ्याकडून काढून घेतला. म्हणाल्या, “रेघ मारलीस तर तिला वाटेल, पायाच्या शिरा सुजल्यात. मी आयुष्यभर सगळ्याला रेघच मारलीय. पुरा शब्द घाल. तो वाचला की तिला कळेल, नेली आता चेष्टा करत नाही. मग ती येईल.” तो शब्द माझ्यासमोर उच्चारताना त्यांनी पांघरुणाचा काठ मुठीत धरला होता. एकदा आवाज निघाला नाही. दुसऱ्यांदा निघाला.

तुमचं पत्र ऐकून त्या आधी इतक्या हसल्या की मला औषध द्यावं लागलं. “अगदी बरोबर ओळखलं भवानीनं, मी नाहीच लिहिणार असलं,” म्हणाल्या. मग भिंतीकडे तोंड करून पडल्या. संध्याकाळी सूप घेतलं नाही.

गाडीचं आणि पत्त्याचं मी घातलं. तुम्हाला त्याचा असा अर्थ लागेल हे माझ्या ध्यानात आलं नाही. चूक माझी आहे आणि मला तिचं वाईट वाटतं. तुम्हाला घ्यायला मीच येणार होते, सायकल स्टेशनवर ठेवून.

वॉल्टर ऑर्मरॉड अजून येतात. कोळसा आणतात, पायरी झाडतात, खुर्चीत बसून तुमचं पुस्तक वाचतात. मी आत असले की उठून जातात. तुमच्याबद्दल गेल्या काही दिवसांत त्यांनी विचारलेलं नाही. ह्यानं माझं समाधान होत नाही. मला तो माणूस आवडत नाही, आणि का, ते मला सांगता येत नाही. म्हणून तुम्ही इथं सुरक्षित असाल असं मी लिहिणार नाही. तुम्हाला आणखी एक खोटं पत्र नको आहे.

नेलीकडे फार दिवस नाहीत. येऊ नका म्हणून सांगायला त्यांनी मला हे लिहायला बसवलं. “तिला कळव, मी तिला बोलावलंच नाही. घाबरते ती, घाबरू दे. तिचं काही चुकत नाही,” एवढंच लिहायचं होतं. बाकीचं सगळं मी त्यांना न सांगता लिहिते आहे.

आपली,
बेरिल नटॉल

ता.क. तुमच्या जेन फॅरोच्या कादंबऱ्या आमच्या सगळ्याजणी वाचतात. तुमच्या नर्सेस कधी दमत नाहीत, एवढं सोडलं तर छान असतात.


पोलपेनिक, कॉर्नवॉल,
२५ एप्रिल १९६३

नेली,

वर गावाचं नाव लिहिलंय, ते पहिल्यांदा बघ. हेच गाव. दारासमोर निळ्या आणि पिवळ्या बोटी आहेत. मी घर सोडलं नव्हतं, ते नुसतं लिहिलं होतं. जायला जागाच नव्हती.

तू आजारी आहेस असं तू सांगितलंस आणि मी तुला वॉल्टर समजले. हे मी कितीही वेळा लिहिलं तरी नीट लिहून होत नाही, म्हणून तिथं येऊन सांगते.

मी भीतीनं गळून गेले आहे, हे तुझ्यापासून लपवून उपयोग नाही. काल पिशवी भरली आणि पुन्हा रिकामी केली. आज सकाळी पुन्हा भरली आणि शेजारणीच्या घरी नेऊन ठेवली, म्हणजे माझ्या हाताला लागणार नाही. तिला माझं खरं नाव सांगितलं. ती म्हणाली, “मग मिसेस हार्ट कोण?” मी म्हटलं, “तीही घाबरतच होती.” मिस क्रिचलींना कळवलंय की पुस्तक अर्धं आहे आणि अर्धंच राहील. फोटो हवा असेल तर रॉडेनशॉला या.

बेरिलबाईंना सांग, सायकल काढू नका, तुमच्या कामाच्या वेळा सोडू नका. मला वाट माहीत आहे. स्टेशन, पूल, गिरणीची भिंत, मग तुझी पायरी.

सोमवारी दुपारच्या मँचेस्टरच्या गाडीनं येते. वॉल्टरनं विचारलं, तर त्यालाही हीच गाडी सांग.

तुझी,
आयव्ही